चार नंबरची सही

१

"नाकावर फार विसंबू नकोस गं. नाक म्हणजे भाडेकरू. आज आहे, उद्या चंबूगबाळं आवरून चालता होईल, आणि जाताना सांगणारसुद्धा नाही."

आत्याबाईंनी हे ऐकवलं तेव्हा ठमीची आई त्यांच्या खानावळीत चार नंबरच्या टेबलावर बसून ठमीच्या तोंडात नारळाच्या दुधातलं सूप चमच्याने सोडत होती. तिने नुकतंच आपलं रोजचं रडगाणं गायलं होतं. दूध नासलंय का, इस्त्री जळतेय का, गॅस सुरू राहिलाय का, हे ती दिवसातून दहादा हुंगून बघते. नवरा म्हणतो, आपल्याला कुत्रं पाळायची गरजच उरली नाही. त्यावर आत्याबाई हसल्या आणि ते भाडेकरूचं वाक्य बोलल्या. तीही हसली. वय झालं की माणूस असं काहीबाही बोलतं, असं मनाशी म्हणून तिने ते वाक्य सुपाबरोबर गिळून टाकलं.

त्याला सहा महिने झाले.

बुधवारी सकाळी आठ वाजून चार मिनिटांनी गल्लीत लंबू ओरडला.

ठमीच्या आईचं कामाचं टेबल पहिल्या मजल्यावर, खिडकीला लागून. खाली अरुंद गल्ली आणि गल्लीपलीकडे त्या थाई खानावळीच्या स्वयंपाकघराचं मागचं दार. खानावळ म्हणजे टेबलं आठ आणि रांग कोपऱ्यापर्यंत. थाई म्हटल्यावर लोकांना वाटतं, फुलं कोरलेली काकडी येईल. इथे तसलं काही नाही. आजारातून उठलेल्या पोराला तिथली आई जे करून घालेल तेच इथे मिळतं: तांदळाची मऊ पेज, नारळाच्या दुधाचं सूप, तुळशीच्या पानांत परतलेला भात आणि वर कडा कुरकुरीत झालेलं अंडं. आत्याबाई नवऱ्याच्या नोकरीमागे बावीस वर्षं थायलंडात राहिल्या, शेजारणीच्या चुलीपाशी बसून शिकल्या आणि नवरा गेल्यावर भाच्याकडे परत आल्या. भाच्याने खानावळ काढली. तिथे रोज एक चमत्कार घडतो. कलकलाट करत आलेली माणसं पहिला घास घेतात आणि गप्प होतात. भांडत आलेलं जोडपंसुद्धा. ठमीच्या आईने पहिल्यांदा तो घास घेतला तेव्हा ठमी दोन महिन्यांची होती आणि तिला स्वतःला नीट झोप लागून दोन महिने झाले होते. घास जिभेवर विरघळला आणि कुणीतरी आपल्या पाठीवरून हात फिरवतंय असं तिला वाटलं. तेव्हापासून दर बुधवारी टेबल नंबर चार. नोकरमंडळी तिला नावाने नाही, नंबराने ओळखत.

आणि आता त्याच स्वयंपाकघराच्या दारातून लंबू धावत बाहेर येत होता. लंबू म्हणजे कढईवर उभा राहणारा सहा फुटी आचारी, दारातून जाताना मान झुकवणारा. त्याच्या दोन्ही हातांवर आत्याबाई होत्या, लहान मूल उचलावं तशा. त्यांचा एक हात खाली लोंबकळत होता.

"काडी ओढू नका कुणी!" तो ओरडत होता. "बटणाला हात लावू नका! गॅस सुटलाय!"

तो वास पहिल्या मजल्यापर्यंत पोचला. ठमीची आई खिडकी लावून, ठमीला काखोटीला मारून आतल्या खोलीत पळाली, आपलीच शेगडी तीनदा बघून आली आणि मगच परत खिडकीशी गेली.

आत्याबाई पायरीवर बसल्या होत्या. डोळे उघडे होते.

२

दहा वाजता दारावरची घंटा वाजली. दारात खानावळीचा मालक, म्हणजे आत्याबाईंचा भाचा उभा होता. हातात एक कागद.

"ताई, तुम्ही रोज सकाळी खिडकीत असता ना?"

"माझं कामच खिडकीत आहे." ठमीची आई छापायच्या पुस्तकांची मुद्रितं तपासून देते. उजेड लागतो. "आत्याबाई कशा आहेत?"

"डॉक्टर येऊन गेले. डोकं भणभणतंय, दोनदा उलटी झाली, पण निभावलं. मागचं दार बोटभर उघडं ठेवायची सवय आहे तिला, त्याने वाचली. आत कोठीच्या खोलीत निजवलंय." त्याने कागद पुढे केला. "एवढ्यावर सही द्या. एक वाजता पोलिसांकडे जातोय."

कागदावर चार वाक्यं होती.

सकाळी सात वाजता आत्या एकट्या स्वयंपाकघरात आल्या. आठ वाजता लंबू मागच्या दाराने आला. तोपर्यंत गॅसचा वास येत नव्हता, असं आत्यांनी सांगितलं. म्हणजे गॅसचं बटण लंबूने आल्यावर उघडलं.

"अहो, त्यानेच तर त्यांना उचलून बाहेर काढलं!"

"आग लावायची आणि बंबही आपणच आणायचा!" मालकाचा आवाज चिरकला. "ताई, चौकात नवीन हॉटेल निघतंय. त्यांनी याला बोलावलंय. आत्या घाबरून घरी बसली की इथली रांग तिकडे. सरळ हिशेब आहे. आणि मला सांगा, आत्याचं नाक म्हणजे काय साधं नाक आहे? दारातून सांगते, कोलंबी आजची की कालची. गॅस तासभर सुटला असता, तर तिला कळलं नसतं? कळलं नाही, याचा अर्थ तो तेव्हा सुटलेलाच नव्हता. मग आला कोण? हा."

बोलणं नाकासमोर सरळ चालत होतं. कुठेच खोट दिसत नव्हती. पहिली दोन वाक्यं तर तिने डोळ्यांनी पाहिलेली. ती घाबरली. सही केली तर लंबूचा संसार उठतो. हाच लंबू, जो ठमीच्या भातावर गुपचूप दुसरं अंडं ठेवतो. आणि सही केली नाही आणि त्यानेच केलं असलं तर? तर आपण आपल्या लेकराला दर बुधवारी कुणाच्या हातचं भरवतोय?

तिची नजर तिसऱ्या वाक्यावर अडली. धंद्याची खोड.

"हे आत्याबाईंचेच शब्द आहेत का? जसेच्या तसे?"

"अर्थ तोच की!"

'अर्थ तोच' म्हणणाऱ्या लेखकांनी ऐन तिशीत तिचे केस पिकवले होते.

"सही देते," ती म्हणाली. "पण आधी मला तिथे येऊन बघू द्या. एक वाजायला वेळ आहे."

३

गॅसवाला नळ्या, बटणं सगळं तपासून, कुठेही गळती नाही असं सांगून गेला होता. तरी ठमीच्या आईने ठमीला कडेवर घट्ट धरून उंबऱ्याबाहेर तीनदा हुंगलं आणि मग पाऊल टाकलं.

पुढच्या दालनात खुर्च्या मांडलेल्या होत्या. काचेवर 'आज बंद' असा कागद होता आणि तरीही बाहेर रांग उभी होती. पंधरावीस माणसं, तक्रार नाही, धक्काबुक्की नाही. देवळाचं दार उघडेल म्हणून उभी असावीत, तशी.

मालकाची बायको एका टेबलाशी नाकाला रुमाल लावून बसली होती. डोळे लाल. सगळे तिला वहिनी म्हणत.

"रडताय का वहिनी?"

"रडतेय कसली! आठवडा झाला, सर्दीने नाकी नऊ आणलेत." आणि ती सणसणीत शिंकली. "पोलिसांच्या आधी तुम्हीच चौकशीला आलात का? विचारा, विचारा. मी पावणेआठला पुढच्या दाराने आले. खुर्च्या खाली घेतल्या. आत डोकावले, तर आत्या आपल्या बुटक्या स्टुलावर बसून खलबत्त्यात वाटण कुटत होत्या. पाठ माझ्याकडे. मी बाजारात निघून गेले."

"डोकावलात तेव्हा गॅसचा वास?"

"मला वास येत नाही हो! सकाळी कॉफी पितेय की कोमट पाणी, तेही कळत नाही मला." तिने रुमाल झटकला. "आणि तुम्ही विचारायच्या आधी मीच सांगते. आत्यांनी आता कुटणं बंद करावं, असं मी म्हणते. हो, म्हणते! तयार वाटणाची पाकिटं मिळतात. पंचाहत्तरीला टेकलेल्या बाईने रोज तासभर दगडावर दगड आपटायचा? पण म्हणून मी गॅस सोडून ठेवीन? सासू नसेल ती माझी, पण माझ्या बाळंतपणात रात्रंदिवस तिनेच केलंय माझं."

ठमीच्या आईने मालकाच्या कागदाच्या पाठीवर वहिनीचे शब्द उतरवून घेतले. मला वास येत नाही. लिहिताना काहीतरी टोचलं. छापलेल्या पानावर एखादा अनुस्वार चुकीच्या डोक्यावर बसलेला असावा आणि डोळ्याला नुसतं जाणवावं, कुठे ते कळू नये, तसं.

ती ते वाक्य पुन्हा वाचायला लागली, इतक्यात मागून मालक ओरडला, "लंबू! कुठे निघालास?"

४

लंबू कुठे निघाला नव्हता. तो मागच्या पायरीवर बसला होता आणि पाय लांब केल्यामुळे अर्धी गल्ली अडली होती. त्याच्या हाताला पातेल्यांचे चटके बसलेलं फडकं गुंडाळलेलं होतं.

"पोलीस येईपर्यंत हलणार नाही मी," तो तिला म्हणाला. "नाहीतर म्हणतील, पळाला."

"चौकातल्या हॉटेलवाल्याने बोलावलं होतं?"

"बोलावलं. नाही म्हणालो. आत्या अजून शिकवतायत मला. अर्धवट शिकून जाऊ कुठे?"

"बरं, आता मला नीट सांग. आत आलास तेव्हा कुठलं बटण उघडं होतं?"

"मागच्या शेगडीचं. बारीक आचेवर. आणि शेगडीवर पातेलंच नव्हतं. पेजेचं पातेलं ओट्यावर, वर फडकं झाकून. आत्या रोज तसंच उतरवून ठेवतात. मी आधी बटण बंद केलं, मग टाकीचा कॉक, मग आत्यांना उचललं."

"शेगडी कशी होती?"

त्याने आठवून पाहिलं. "माखलेली. बर्नरवर पांढरी खरपुडी, वाळलेली."

"म्हणजे पेज उतू गेली होती."

"आत्यांची?" लंबूला तशाही परिस्थितीत हसू आलं. "ताई, आत्यांचं पातेलं उतू जायची हिंमत करत नाही. मी पाच वर्षांत पाहिलेलं नाही."

"आणि धूर ओढणारा पंखा? तो सुरू असता, तर गॅस साठला नसता."

"तो नऊला लागतो. पूर्वी सकाळपासून सुरू असायचा. आता लावला की आत्या ओरडतात, 'बंद कर रे मेल्या, मला ऐकू येत नाही!'"

"काय ऐकू येत नाही?"

"ते कोण विचारणार? त्यांच्या नाकावर राग."

ठमीच्या आईने वर आपल्या खिडकीकडे पाहिलं. खरंच की. पूर्वी साडेसात वाजले, की गवती चहाचा आणि आल्याच्या जातीतल्या कुलंजनाचा दरवळ पंख्याबरोबर थेट तिच्या टेबलावर यायचा. आठ महिने झाले असतील, दरवळ बंद झाला. खलबत्त्याचा ठेका तेवढा यायचा, धुप्प, धुप्प, धुप्प. तिने तो बदल टिपला होता आणि सोडून दिला होता.

"आज कुटण्याचा आवाज मला नीट आला नाही," ती म्हणाली.

"कसा येईल? पाण्याची नवी मोटर कालच बसवली ना गल्लीत, आज सातपासून बोंबलत होती. मी आलो तेव्हा आत्यांचा ठेकाच चुकत होता. तालात नव्हत्या आज." त्याने डोळे पुसले. "इतके लाड करतात हो माझे. सकाळी आल्या आल्या आधी एक चमचा नारळाचं दूध माझ्या तोंडात. मग बोटावर फिश सॉसचा थेंब. 'कसं आहे रे? नीट सांग.' माझ्या आईनेसुद्धा कधी इतकं विचारलं नाही. अशा बाईला मी मारीन?"

मागे काहीतरी खणखणलं. ठमी कडेवरून कधी उतरली ते कळलंच नव्हतं. ती दारातल्या एका रिकाम्या पातेल्याला कान लावून, डोळे गच्च मिटून बसली होती.

"ठमे! हात नको लावूस! काय करतेस?"

"शूऽऽ," ठमीने ओठांवर बोट ठेवलं. "बोलतंय."

लंबू भिजल्या डोळ्यांनी हसला. "आत्यांची नक्कल करतेय. त्या अशाच वाकतात पातेल्यापाशी."

ठमीच्या आईच्या अंगावर सर्रकन काटा आला. दर बुधवारी आत्याबाई टेबलाशी येत, तुळशीचं पान चोळून ठमीच्या नाकाशी धरत. "वास घे गं ठमे. कसाय?" आणि ठमी काय म्हणते त्यापेक्षा तिचा चेहरा बघत राहत. एकटक. ठमीची आई मनाशी म्हणायची, किती माया करते ही बाई.

त्यांनी स्वतः ते पान कधी हुंगलं होतं का?

५

"मालक," ती दालनात येऊन म्हणाली, "तुम्ही आत्याबाईंना नेमकं काय विचारलंत आणि त्या नेमकं काय म्हणाल्या? 'येत नव्हता' म्हणाल्या की 'येत नाही'?"

"ताई, काय शाळा लावलीय तुम्ही?"

"सांगा तर."

मालकाने कपाळाला हात लावला. "मी विचारलं, आत्या, तुला गॅसचा वास नाही का आला? ती पायरीवर बसली होती, अर्धवट शुद्धीत. म्हणाली, 'मला वास येत नाही रे.' झालं? तेच मी लिहिलंय. अर्थ तोच."

"आँक् छी!" वहिनी शिंकली. "मलाही येत नाही म्हणा."

वहिनीचा रुमाल नाकापाशी अर्ध्यावर थांबला. तिने स्वतःचंच वाक्य ऐकलं होतं.

ठमीच्या आईने कागद उलटा करून टेबलावर ठेवला. "बघा. वहिनी म्हणाल्या, 'मला वास येत नाही.' आपण काय समजलो? यांचं नाक बंद आहे. आत्याबाई म्हणाल्या, 'मला वास येत नाही.' तेच शब्द. आणि आपण काय समजलो? हवेत वास नव्हता. का? तर त्यांचं नाक मोठं, म्हणून. त्यांनी खोटं सांगितलं नाही, मालक. त्यांनी खरं तेच सांगितलं. 'येत नाही'चं 'येत नव्हता' तुम्ही केलंत."

"म्हणजे, तुम्हाला म्हणायचंय..."

"गॅस आठला सुटलेला नाही. सव्वासात, साडेसातला सुटला असेल. पेज उतू गेली, आच विझली, बटण उघडंच. आत्याबाईंनी वळून पाहिलं, जाळ दिसला नाही, वाटलं, बंद केलाय आपणच. पातेलं उतरवलं, फडकं झाकलं आणि परत कुटायला बसल्या. आपल्यापैकी कुणालाही पुढच्या पाच मिनिटांत नाकाने हाक मारली असती. त्यांना मारली नाही."

"अशक्य!" मालक उभा राहिला. "पेज आजच बरी उतू गेली? इतके दिवस कशी नाही गेली?"

"नाही गेली, कारण त्या ऐकतात. म्हणून पंखा बंद. म्हणून पातेल्याला कान. पेज वर चढताना आवाज बदलतो, त्यासरशी त्या उठतात. आज मोटरीने त्यांचे कान बुजवले. एवढा एकच दिवस, मालक. आणि चव? नारळाचं दूध नासलंय की नाही, ते रोज सकाळी लंबूला कळतं. पान ताजं आहे की नाही, ते माझ्या ठमीच्या तोंडावर दिसतं."

मालक मटकन खाली बसला. काचेबाहेरची रांग त्याला दिसत होती.

"कालच तिने सूप केलं होतं," तो हळू आवाजात म्हणाला. "सहा नंबरवरचा माणूस चमचा हातात धरून बसला होता. म्हणाला, माझ्या आजारपणात आईने... आणि पुढे बोलूच शकला नाही. ते सूप नाक नसलेल्या बाईने केलं?"

"तेच तर," ठमीची आई म्हणाली. "तेच तर मलाही कळत नाहीये."

६

कोठीची खोली तांदळाच्या पोत्यांनी भरलेली. आत्याबाई खाटेवर उठून बसल्या होत्या, केस विस्कटलेले. ठमीची आई त्यांच्यापाशी टेकली. काय विचारायचं ते तिने येताना तीनदा घोकलं होतं, पण तोंडातून सरळच निघालं.

"आत्याबाई, कधीपासून वास येत नाही?"

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. दारात उभ्या भाच्याकडे पाहिलं. मग मांडीवरच्या आपल्या हातांकडे.

"तो ताप आला होता ना, तेव्हापासून. आठ महिने. आधी वाटलं, येईल परत. मग वाटलं, सांगावं. मग वाटलं, सांगितलं तर हे मला उठवतील शेगडीपुढून. चवही गेली अर्धी. खारट, आंबट, तिखट, गोड एवढं कळतं. बाकी सगळं ओला पुठ्ठा."

"आत्या, लंबूला मी..." मालक पुढे झाला.

"लंबूचं काय?"

त्याने सांगितलं. कागद, पोलीस, सगळं. आत्याबाई ताडकन उभ्या राहिल्या. तोल गेला, तरी भिंत धरून उभ्याच.

"अरे गाढवा! माझ्या जिभेला तू चोर ठरवलंस? त्याच्याच जिभेवर आठ महिने चाललीय तुझी खानावळ! बोलाव त्याला. आधी बोलाव."

लंबू मान झुकवून आत आला. त्यांनी दोन्ही हातांनी त्याचं तोंड धरलं. तेवढ्यासाठी त्याला गुडघ्यावर यावं लागलं.

"पण आत्या, कसं केलंत?" तो एवढंच म्हणाला. "कसं?"

त्या स्वयंपाकघराकडे चालू लागल्या, लंबूच्या दंडाला धरून. दारंखिडक्या सताड उघडी होती. गल्लीतली मोटर थांबली होती. "पुढची शेगडी पेटव," त्या लंबूला म्हणाल्या. "आणि डोळे मिटा सगळ्यांनी. तूसुद्धा गं, चार नंबर."

ठमीच्या आईने एका हाताने ठमीला छातीशी धरलं, आणि डोळे मिटले.

तेल तापताना काहीच आवाज नव्हता. मग ठेचलेला लसूण पडला. चर्रर्र, कर्कश, पावसासारखा. "हे पाणी बोलतंय," आत्याबाई म्हणाल्या. "अजून कच्चा आहे. थांबा." आवाज हळूहळू आत ओढला गेला, बारीक झाला, रेशीम फाटावं तसा. "आता लसूण बोलायला लागला. अजून. अजून. हां, आता गप्प होईल बघा..." आणि खरोखर एक क्षण तो गप्प झाला. "आत्ता!"

सगळ्यांनी डोळे उघडले. कढईत लसूण सोन्यासारखा झाला होता. एक कणही काळा नाही.

मग नारळाचं दूध. कान देऊन ऐकलं तेव्हा ठमीच्या आईला कळलं, की दूध आधी भुळूक भुळूक करतं, घट्ट होताना धापा टाकतं आणि तेल सुटायला लागलं, की टिचक्या वाजवतं. वाटण किती कुटलं गेलं, ते बत्त्याच्या आवाजावरून. गवती चहा जून की कोवळा, ते मोडताना बोटांना कळतं. मासा ताजा की शिळा, ते अंगठा दाबून. बावीस वर्षं शेजारणीच्या चुलीपाशी बसून जे कानांत आणि बोटांत नकळत साठलं होतं, त्या एवढ्याशा शिदोरीवर ही बाई आठ महिने शेकडो माणसांना त्यांच्या आईची आठवण करून देत होती. आणि त्यातला एक घासही तिला स्वतःला लागत नव्हता. देवळाबाहेर चपला काढाव्यात तसं काहीतरी करावं, असं ठमीच्या आईला वाटलं. काय करावं, ते सुचलं नाही. ती नुसती उभी राहिली.

वहिनी रुमालात तोंड खुपसून रडत होती आणि ह्या वेळी ती सर्दी नव्हती.

आत्याबाईंनी शेगडी बंद केली. बटण फिरवलं, वाकून बघितलं, पुन्हा फिरवून बघितलं. कमरेची किल्ली काढली. सात वाजता एकटीने दार उघडायची किल्ली. क्षणभर त्यांनी ती मुठीत धरून ठेवली.

"घे," त्या लंबूला म्हणाल्या. "उद्यापासून दार तू उघडायचंस. आधी तू आत, मागून मी. तू हुंगल्याशिवाय मी काडी ओढणार नाही." मग भाच्याकडे वळल्या. "आणि मला उठवायचं असेल, तर आत्ताच सांग. रांग ताटकळत उभी आहे."

मालकाने वाकून ओट्याखाली सरकलेलं बुटकं स्टूल बाहेर ओढलं आणि खलबत्त्यापाशी ठेवलं. आत्याबाई बसल्या. लंबू बाहेर जाऊन 'आज बंद' हा कागद काढायला लागला, पण त्याच्याने तो नीट निघेना.

आता एक विनंती, हे वाचणाऱ्या तुम्हाला. तुमच्या घरात, शेजारच्या दाराआड, दुसऱ्या गावात फोनच्या पलीकडे, कुणीतरी एकटी शेगडीपाशी उभी राहत असेल. आज तिच्याकडे जा. 'वास येतो ना?' असं विचारू नका. ती म्हणेल, न यायला काय धाड भरलीय. तिला डोळे मिटायला सांगा. एका हातात चहाची पूड घ्या, एका हातात कॉफीची, नाकाशी धरा आणि विचारा, कुठली कुठली. चुकली तर हसू नका, रागावूही नका. शेगडीची बटणं स्वतः फिरवून बघा, तिने जे काही केलं असेल ते तिच्या शेजारी बसून पोटभर जेवा, आणि उद्या पुन्हा जा.